हवेची उशी, तेलाचा लगाम

(सदर : यंत्रांशी गप्पा)

मुलांनो, आधी गेल्या आठवड्याच्या कोड्याचं उत्तर. कोडं होतं, बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असतं? लहान चाक केलं असतं तर लाकूड कमी लागलं असतं, गाडी हलकी झाली असती. मग आपल्या जुन्या सुतारांना एवढं साधं गणित कळत नव्हतं का?

चांगलंच कळत होतं! घरातलं एक ताट आणि आईची किंवा ताईची एक बांगडी घ्या. फरशीवर एक पेन्सिल आडवी ठेवा. ताट कडेवर उभं करून पेन्सिलीवरून गडगडत न्या. ते सहज पलीकडे जाईल. आता बांगडी न्या. ती पेन्सिलीशी अडखळेल, उडेल, नाहीतर आडवी होईल. मोठं चाक दगडावर हळूहळू चढतं आणि लहान खड्ड्यावरून तर तो नसल्यासारखं जातं. लहान चाक खड्ड्यात आतपर्यंत उतरतं आणि समोरच्या काठावर आदळतं. बैलगाडीला स्प्रिंग नाही, पाटे नाहीत. मोठं चाक हाच तिचा धक्के कमी करायचा उपाय.

पण मोटारीला एवढं चाक कसं लावणार? इंग्लंडमध्ये १९५९ साली ‘मिनी’ नावाची चिमुकली मोटार आली. तिच्या चाकाची रिम फक्त दहा इंचांची, म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षाही थोडी कमी! अशा चाकाला रस्त्यावरचा प्रत्येक खळगा म्हणजे विहीरच. मग धक्का कोणी झेलायचा? चाक आणि गाडी यांच्यामध्ये जी योजना असते तिने. तिला म्हणतात सस्पेन्शन. गॅरेजमधले काका ज्याला ‘शॉकप’ म्हणतात, तो तिचाच एक भाग.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना सस्पेन्शनचं महत्त्व वेगळं सांगायला नको. घाटावरून घाटाखाली उतरा की घाटाखालून वर चढा, काळ्या मातीचे पट्टे लागतातच. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळते. तिच्यावर केलेला रस्ताही तिच्याबरोबर वरखाली होतो. वरून डांबर गुळगुळीत दिसतं, पण गाडी मात्र होडीसारखी डुलत जाते.

आज आपण अशा रस्त्यांवर चालणारी एक छोटी गाडी स्वतः जुळवू आणि तिचं सस्पेन्शन स्वतः लावू. कागदावर हं! पण ही कल्पना अगदीच हवेतली नाही. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तिथे इंदूरजवळ पीथमपूर नावाचं गाव आहे. २००७ साली तिथे ‘बाहा’ नावाची गाड्यांची स्पर्धा भारतात पहिल्यांदा झाली. इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं-मुली नळ्या वाकवून, जोडून एका माणसाची गाडी तयार करतात. इंजिन सर्वांना सारखंच. मग ती गाडी दगडधोंड्यांतून, उंचवट्यांवरून, चिखलातून चार तास पळवायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांच्या टोळ्या या स्पर्धेत उतरल्या आहेत. इंजिन सारखंच असल्यामुळे जिंकायचं कशाच्या जोरावर? पुष्कळदा सस्पेन्शनच्या! कारण हवेत उडालेलं चाक गाडीला पुढे ढकलत नाही, वळवत नाही आणि ब्रेकही लावत नाही.

तीन कामं, तीन कारभारी

सस्पेन्शनची तीन कामं असतात. ती नीट लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीचं सगळं सार त्यातच आहे.

पहिलं काम, गाडीला ठरलेल्या उंचीवर धरून ठेवणं.

दुसरं काम, चाक उसळलं की दबणं, म्हणजे धक्का पोटात घेणं. किती जोराला किती दबायचं, हा झाला गाडीचा मऊपणा किंवा कडकपणा.

तिसरं काम, दबल्यानंतर उड्या मारत न बसता शांत होणं.

नुसती स्प्रिंग पहिली दोन कामं करते, पण तिसरं तिला जमत नाही. एकदा दाबून सोडली की ती झोपाळ्यासारखी वरखाली होतच राहते. तिला आवरायला तेल लागतं. शॉकपच्या आत एक दट्ट्या तेलात वरखाली होतो आणि दट्ट्याला बारीक भोकं असतात. तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. हळू ढकललं तर तेल मुकाट्याने जातं, जोरात ढकललं तर अडून बसतं. उसळीचा सगळा जोर असा तेलात जिरतो आणि त्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकप गरम लागतो तो यामुळेच.

आता लोखंडी स्प्रिंगच्या जागी बंद डब्यातला वायू ठेवला तर? वायूही दाबला की दबतो आणि सोडला की फुगतो. पण त्याचा एक खास गुण आहे. समजा, डब्यात ८० घन सेंटिमीटर वायू आहे आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या चौपट आहे. तो दाबून ४० घन सेंटिमीटर केला तर दाब दुप्पट, म्हणजे आठपट होतो. पुन्हा निम्मा, म्हणजे २० केला तर सोळापट! (तापमान तेच राहिलं असं धरून.) हा नियम रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये मांडला. गंमत पाहा. पहिले ४० घन सेंटिमीटर दबताना दाब फक्त चारने वाढला, पुढचे २० दबताना तो आठने वाढला. म्हणजे वायूची उशी सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक. छोट्या खड्यांना ती गोंजारते आणि मोठ्या खड्ड्याला ‘थांब!’ म्हणते.

हवेची उशी आणि तेलाचा लगाम, दोन्ही एकत्र आले की झालं वायू-द्रव सस्पेन्शन.

मोल्टनसाहेबांची करामत

फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९५५ साली ‘डी. एस.’ ही गाडी आणली. तिच्या चारही चाकांना नायट्रोजन भरलेले गोळे आणि त्यांना जोडलेलं तेल होतं. पण ती मोठी आणि महागडी गाडी. छोट्या गाडीसाठी हीच कल्पना स्वस्तात बसवली ती इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी (१९२०-२०१२). त्यांच्या घराण्याचा रबराचा कारखाना होता, त्यामुळे रबराच्या खोडी त्यांना चांगल्याच ठाऊक. मिनीच्या दहा इंची चाकांना त्यांनी रबराच्या शंकूंची स्प्रिंग दिली. छोट्या चाकांची आणि स्प्रिंगवाली सायकलही त्यांनी काढली, १९६२ मध्ये. आपलं कोडं आठवतंय ना? चाक लहान करायचं तर उशी हवीच!

१९७३ मध्ये त्यांची ‘हायड्रागॅस’ ही योजना मोटारीत आली. लोखंडाचा एक डबा. वरच्या भागात कोंडलेला नायट्रोजन, खाली पाण्यासारखा पातळ द्रव, दोघांच्या मध्ये रबरी पडदा. चाक उसळलं की द्रव एका अरुंद झडपेतून वर घुसतो आणि पडद्याआडून नायट्रोजनला दाबतो. नायट्रोजन झाला स्प्रिंग, झडप झाली लगाम. वर आणखी एक युक्ती. पुढच्या चाकाचा डबा आणि मागच्या चाकाचा डबा नळीने जोडायचा. पुढचं चाक दगडावर चढलं की थोडा द्रव मागे पळतो आणि गाडीची मागची बाजू उचलतो. गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलण्याऐवजी आडवीच्या आडवी वर येते.

१९८० साली ‘मेट्रो’ नावाच्या छोट्या गाडीत हायड्रागॅस आलं, पण पुढचं-मागचं जोडणारी नळी कंपनीने ठेवली नाही. मोल्टनना ते पटेना. त्यांनी काय केलं? भांडत बसले नाहीत. एक मेट्रो घेतली, आपल्या कारखान्यात ती बदलली, नळ्या जोडल्या आणि चालवून दाखवली. १९९० मध्ये सुधारलेली मेट्रो बाजारात आली, ती या जोडणीसकट! मेट्रोचेच भाग सुधारून वापरलेल्या ‘एम. जी. एफ.’ या छोट्या स्पोर्ट्स गाडीतही १९९५ साली हीच योजना होती.

तिकडे अशा छोट्या गाड्यांचे भाग घेऊन, त्यावर वेगळाच सांगाडा चढवून, घरच्या अंगणात गाडी जुळवणारे हौशी लोक पुष्कळ. अशा गाड्यांना ‘किट कार’ म्हणतात. जुन्या हायड्रागॅसवर गाडी जुळवली की त्यांना एक चकवा भेटतो. वर्षानुवर्षांत डब्यातला नायट्रोजन हळूहळू निसटतो आणि गाडी खाली बसते. मग कुणी म्हणतं, ‘अहो, द्रव भरा, उंच होईल.’ द्रव भरला की गाडी खरंच उंच होते. पट्टी लावून मोजली तर अगदी बरोबर! पण चालवली की बैलगाडीसारखी आदळते.

का बरं? उंची राखली द्रवाने, पण मऊपणा होता नायट्रोजनचा आणि तो तर कमीच झालेला. उरलेल्या जागेत द्रव जाऊन बसला. द्रव दाबला म्हणून दबत नाही. दिसायला गाडी बरी झाली, पण दुखणं वेगळंच होतं आणि औषध वेगळंच दिलं. खरा उपाय म्हणजे नायट्रोजन पुन्हा भरणं. म्हणून काही जाणकार त्या डब्याला खास झडप बसवून घेतात.

आता आपली गाडी

समजा, दहा वर्षांनी तुम्ही बाहा स्पर्धेच्या एका टोळीत आहात. गाडीला हवेचे शॉकप लावले आहेत. लोखंडी स्प्रिंग नाही, एका कप्प्यात दाबलेली हवा आणि दुसऱ्या कप्प्यात तेल. हातपंपाने हवा भरायची, काट्यावर दाब वाचायचा.

पहिली पायरी. चालकाला हेल्मेटसकट गाडीत बसवा आणि गाडी किती बसते ते मोजा. चाक एकूण २४ सेंटिमीटर वरखाली होत असेल तर चालक बसल्यावर ते साधारण ६ ते ८ सेंटिमीटर दबलेलं असावं. तुम्ही म्हणाल, आधीच का दबू द्यायचं? कारण रस्त्यावर नुसते उंचवटे नसतात, खड्डेही असतात. खड्डा आला की चाकाला खाली उतरता आलं पाहिजे. आधीच पूर्ण ताणलेलं चाक खाली कुठे जाणार? ते हवेत लोंबकळतं आणि गाडी धप्पकन पडते.

दुसरी पायरी. गाडी चालवून पाहिली आणि मोठ्या उडीनंतर शॉकप तळाला ‘ठक्’ करून आदळला. टोळीतला एक जण म्हणतो, ‘हवा कमी आहे, मार पंप!’ हवा वाढवली आणि ठक् थांबलं. पण गाडी उंच झाली, बारीक खड्यांवर चाकं उडायला लागली आणि वळणावर गाडी ऐकेना. हवेच्या शॉकपमध्ये पंप मारला की उंची आणि कडकपणा दोन्ही एकदम बदलतात, ही खरी गोची. आपल्याला तर फक्त शेवटचा टप्पा कडक करायचा होता! मग हवा पहिल्याइतकी करा आणि कप्प्यात एक छोटी चकती बसवून जागा कमी करा. बॉईलचं गणित आठवा. सुरुवातीला फरक थोडाच पडेल, पण शेवटी दाब झपाट्याने चढेल. काम फत्ते.

तिसरी पायरी. एकामागोमाग एक उंचवट्यांच्या रस्त्यावर गाडी पहिल्या दोन उंचवट्यांना छान चालते आणि पाचव्या-सहाव्याला दगडासारखी कडक होते. आता कोण दोषी? हवा? नाही, तेल! परतीचा लगाम फार आवळलेला आहे. दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो. प्रत्येक वेळी थोडं थोडं दबलेलंच राहतं आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. परतीचा लगाम जरा सैल करा, हवेला हातही लावू नका.

चौथी पायरी म्हणजे वही! एका वेळी एकच बदल करायचा. चालक तोच, रस्ता तोच, वेग तोच, टायरमधली हवा तेवढीच. बदल केला की लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तरी कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर मग विचारूच नका. आणि दाब नेहमी शॉकप थंड असताना मोजायचा. वायूच्या हिशेबात तापमान उणे २७३ अंशांपासून धरतात. त्यामुळे सकाळी २७ अंशांवर असलेला वायू पळून पळून ५७ अंशांवर गेला, तर जागा तेवढीच असताना त्याचा एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढतो. थंडपणी मोजला एकदा, गरमपणी मोजला दुसऱ्यांदा, असं केलं तर वहीतले आकडे एकमेकांशी भांडत बसतील.

दादाची मोटारसायकल

हे सगळं कॉलेजातल्या गाड्यांपुरतं नाही बरं का. तुमच्या घरच्या मोटारसायकलच्या मागच्या शॉकपला खालच्या बाजूला खाचांची एक कडी असेल. ती फिरवली की दादा म्हणतो, ‘शॉकप टाइट केला.’ पण स्प्रिंग तीच आहे! साध्या स्प्रिंगचा कडकपणा काही खाचेने बदलत नाही. खाचेने बदलते ती उंची. मागे दोघं बसणार असतील, पोतं न्यायचं असेल, तर गाडी खाली बसू नये म्हणून ती सोय. एकट्यासाठी सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवली तर चाकाला खाली उतरायला जागा कमी उरते आणि गाडी खड्ड्यात जास्त आदळते. आज संध्याकाळी दादाला विचारून पाहा, आपली कडी कुठल्या खाचेवर आहे?

आणि आता एक गोष्ट कान देऊन ऐका. ‘गॅस’ असं लिहिलेल्या शॉकपमध्ये मोठ्या दाबाचा नायट्रोजन असतो. जुना शॉकप सापडला म्हणून तो उघडायचा नाही, त्याला भोक पाडायचं नाही, तो शेकोटीत टाकायचा नाही. कुणी त्याला वेल्डिंग करायला निघालं तर तुम्ही तिथून दूर व्हा आणि मोठ्यांना सांगा. कोंडलेला वायू गरम झाला की डबा फुटतो आणि त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. दुसरं, नायट्रोजन मिळाला नाही म्हणून वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन भरणं हा तर आगीशी खेळ. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. नायट्रोजनच का भरतात? तो तेलाला पेटू देत नाही, लोखंडाला गंजवत नाही, आपला गुपचूप दबतो आणि फुगतो. असा शांत स्वभावाचा वायू दुसरा स्वस्तात मिळणं कठीण!

करून पाहा

सामान : औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन नव्या सिरिंज (सुई नको), वीतभर प्लॅस्टिकची नळी (माशांच्या टाकीला लावतात तसली), एक वाटी पाणी.

१. सिरिंजमध्ये हवा घ्या. तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. दबतो, सोडला की परत येतो. ही झाली उशी. शेवटी शेवटी किती जोर लागतो तेही पाहा.

२. आता तीत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बोट लावून दाबा. हलतच नाही! द्रव दबत नाही तो असा.

३. दोन्ही सिरिंजमध्ये अर्धं अर्धं पाणी घ्या आणि पाण्याने भरलेल्या नळीने त्या जोडा. एक दाबा, दुसरी वर येईल. हीच मोल्टनसाहेबांची पुढची-मागची जोडणी.

४. नळी बोटांच्या चिमटीत जरा आवळा आणि पुन्हा दाबा. आधी हळू, मग जोरात. हळू दाबलं तर पाणी जातं, जोरात दाबलं तर अडतं. हा झाला लगाम.

५. एका सिरिंजमध्ये थोडी हवा येऊ द्या आणि दुसरीचा दट्ट्या मित्राला धरून ठेवायला सांगा. आता तुमचा दट्ट्या दाबला तर दबेल आणि सोडला तर परत येईल. हवा आणि पाणी कमी-जास्त करून पाहा. दट्ट्याची उंची तीच ठेवून मऊपणा बदलता येतो का?

पाचवा प्रयोग ज्याला जमला त्याला किट कारवाल्यांचा चकवा कधीच फसवणार नाही. उंची, मऊपणा आणि शांतपणा ही तीन वेगळी कामं आहेत. कुठलं बिघडलंय ते आधी ओळखायचं आणि मगच पान्हा हातात घ्यायचा.

या आठवड्याचं कोडं

एस. टी. प्रवाशांनी खच्चून भरलेली असते तेव्हा त्याच खड्ड्यांच्या रस्त्यावरून जरा बरी चालते. शेवटच्या गावाला रिकामी जाताना मात्र खडखड आदळते. असं का? आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसणाऱ्यालाच जास्त उडी का बसते? पाट्यांकडे वाकून बघा (गाडी उभी असताना आणि कंडक्टरकाकांना विचारून), विचार करा आणि उत्तर पोस्टकार्डावर चित्रासकट पाठवा. बरोबर उत्तर पुढच्या आठवड्यात, याच पानावर!